अल्ट्रासाउंड लावून फ्लोटेशन: टनामागे खर्च किती?

यंत्र विकायला आलेला माणूस आधी आलेख काढतो. अल्ट्रासाउंडशिवाय रिकव्हरी इतकी, लावल्यावर चार टक्के जास्त. आलेख बहुधा खराच असतो. पण तो कोणत्या भांड्यातला, किती वॉटचा आणि किती मिनिटांचा, हे विचारल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नका. या तंत्राने फायदा होतो, तसे पैसे बुडूही शकतात, आणि कोणती बाजू आपल्या वाट्याला येणार हे एका आकड्यावरून बरंचसं कळतं: टनामागे किती युनिट वीज.

शाळेच्या पुस्तकात फ्लोटेशन, म्हणजे फेनतरण पद्धत, सगळ्यांनी वाचलेली असते. दळलेलं खनिज पाण्यात कालवायचं (हीच स्लरी), कणाला पाणी नकोसं करणारं रसायन, म्हणजे कलेक्टर, घालायचा, हवा सोडायची. पाण्याला दूर ठेवणारा कण बुडबुड्याला चिकटून वर येतो, बाकीचं खाली राहतं. अडचण येते ती कणाच्या पृष्ठभागावर. सल्फाइडवर ऑक्सिडेशनचा थर चढतो, मातीचे बारीक कण त्यावर बसतात, मग झँथेटसारखा कलेक्टर नीट धरत नाही. २० किलोहर्ट्झच्या आसपासचा श्राव्यातीत ध्वनी स्लरीत सोडला की सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन फुटतात आणि तो थर खरवडला जातो. याच दणक्याने डिझेलसारखा तेलकट कलेक्टरही बारीक थेंबांत फुटतो. म्हणजे कामं दोन: कण साफ करणं आणि कलेक्टर पसरवणं. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता हिशेब. एक टन खनिजाची ३० टक्के घन असलेली स्लरी साधारण २,७०० लिटर होते. प्रयोगशाळेत लिटरभर स्लरीत ध्वनी सोडणारा ५०० वॉटचा प्रोब पाच मिनिटं चालवणं काही विशेष नाही. तोच प्रकार टनावर केला तर ११० युनिटांच्या वर वीज लागते. युनिट ९ रुपयांचं धरलं तर टनाला हजार रुपये. बॉल मिलमध्ये दळायलाही सहसा याच्या कितीतरी कमी वीज लागते, म्हणजे धुण्याचा खर्च दळणापेक्षा जास्त झाला. हेच लिटरला १०० वॉट आणि एक मिनिट एवढ्यावर आणलं तर साडेचार युनिट, म्हणजे ४० रुपये. म्हणून विक्रेत्याने दाखवलेला प्रत्येक निकाल आधी ‘युनिट प्रति टन’मध्ये लिहून मागा. तो देता येत नसेल तर पुढची चर्चा थांबवलेली बरी.

यंत्रावर लिहिलेले वॉट पाण्यात पोचतात का, हे तपासायला साधा थर्मामीटर पुरतो. उष्णता धरून ठेवणाऱ्या भांड्यात एक लिटर पाणी घ्या, तापमान लिहा, प्रोब बरोबर एक मिनिट चालवा, ढवळून पुन्हा तापमान बघा. ५०० वॉट खरोखर पाण्यात उतरले तर पाणी सुमारे सात अंशांनी तापायला हवं. चारच अंश चढले तर पाण्यात २८० वॉटच्या आसपासच गेले, बाकीचे वाटेत संपले. बाथ प्रकारचं यंत्र असेल तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून मिनिटभर उभी धरा. जिथे पोकळ्या फुटतात तिथे फॉइलला खड्डे आणि छिद्रं पडतात. जिथे ती गुळगुळीत राहते, तिथे तुमची स्लरीही न धुतलेलीच राहणार. डेमोच्या दिवशी हे दोन्ही समोर करून घ्या.

याच उष्णतेत आणखी एक खोच आहे. लिटरला ५०० वॉट, पाच मिनिटं, म्हणजे स्लरी सुमारे ३५ अंशांनी तापते. तापमान वाढलं की कलेक्टरची वागणूक बदलते, फेसही बदलतो. वाढलेली रिकव्हरी ध्वनीची की गरम पाण्याची? म्हणून चाचणीत ध्वनी दिलेल्या स्लरीची तुलना या तिन्हींशी हवीच: नुसती स्लरी, तेवढाच वेळ जोरात ढवळलेली स्लरी, आणि तेवढीच गरम केलेली स्लरी. हे पाहिलेलं नसेल तर त्या अहवालावर पैसे लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वेळ वाढवला की फायदा वाढतोच असं नाही. मऊ खनिज फुटून नवा स्लाइम, म्हणजे अतिबारीक गाळ, तयार होतो. फेसाच्या सेलमध्येच जोरदार ध्वनी सोडला तर चिकटलेला कण बुडबुड्यावरून सुटतोही. बहुतेक प्लांटसाठी सेलच्या आधी, कंडिशनर टँकच्या टप्प्यावर ध्वनी देणं जास्त सुरक्षित.

सगळ्यात स्वस्त उपयोग कोळशाच्या वॉशरीत सापडतो. तिथे बारीक कोळशाच्या फ्लोटेशनला डिझेल हा कलेक्टर असतो. ताशी १०० टन फीड आणि टनाला किलोभर डिझेल धरू. संपूर्ण स्लरीला हात न लावता फक्त डिझेल-पाण्याचं मिश्रण प्रोबखालून नेलं, तर ताशी एक-दोन घनमीटरच हाताळायचे. घनमीटरला पाच युनिट धरली तरी टनामागे रुपयाच्या आत भागतं. डिझेल २० टक्क्यांनी कमी लागलं तर टनामागे २० रुपयांच्या वर वाचतात, आणि १० टक्केच वाचलं तरी सौदा फायद्याचा. या मार्गाने पहिलं पाऊल टाकणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

तांब्याचं गणित वेगळं आहे. गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची खाण आहे. तसल्या सल्फाइड खनिजाचं उदाहरण घेऊ: १ टक्का तांबं, हाती पडणारा भाव किलोला ६०० रुपये. रिकव्हरी एका टक्क्याने वाढली तर टनामागे १०० ग्रॅम तांबं, म्हणजे ६० रुपये जास्त. ताशी १०० टनांच्या सगळ्या स्लरीला मघाचे ४० रुपयांचे डोस द्यायचे तर ४५० किलोवॉट लागतात. १६ किलोवॉटचं एकेक यंत्र धरलं तर २८ यंत्रं. किलोवॉटला दोन लाख रुपये धरले तर भांडवल नऊ कोटी, पाच वर्षांत फेडायचं तर टनामागे आणखी २४ रुपये. म्हणजे एक टक्का वाढूनही हातात काही उरत नाही. पण रफरमधून, म्हणजे फ्लोटेशनच्या पहिल्या टप्प्यातून, निघालेला आठेक टक्के मालच पुढच्या क्लीनर टप्प्याआधी धुतला तर ३६ किलोवॉट पुरतात, आणि वीज-भांडवल मिळून टनामागे पाचेक रुपये पडतात. रफरच्या टेलिंगमध्ये, म्हणजे टाकाऊ मालात, गेलेलं तांबं मात्र याने परत येत नाही, तेव्हा तुमचं नुकसान नेमकं कुठे होतं हे आधी तपासा.

लोहखनिजाला हे झेपत नाही. गोव्यातला बारीक माल टनाला ४,००० रुपयांचा धरला, तर उतारा एका टक्क्याने वाढून मिळतात १० किलो, म्हणजे ४० रुपये. तेवढे विजेतच गेले.

कोटेशनमध्ये बहुतेक वेळा न दिसणारा खर्च म्हणजे प्रोबचं टोक. ते टायटॅनियम मिश्रधातूचं असतं आणि पोकळ्या खनिजाबरोबर त्यालाही खातात. चकचकीत टोक आधी मळकट, मग खडबडीत होतं, आणि ध्वनीचा जोर हळूहळू उतरतो. स्लरीत वाळू असेल तर आणखी लवकर. टाकीला बाहेरून चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरला ही झीज नाही, पण जोरही कमी. यंत्राच्या आवाजासाठी आवरण आणि कामगारांसाठी कानाचं संरक्षणही खर्चात धरा. १८ टक्के जीएसटी वेगळा. नोंदणीकृत उद्योगाला त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, हे आपल्या सीएकडून पक्कं करून घ्या.

चाचणीसाठी सुरुवातीला यंत्र विकत घेऊ नका. लहान प्रोबलाच लाखाच्या पुढे मोजावे लागतात, परदेशी असेल तर त्याच्या कित्येक पट. नागपूरच्या हिंगण्यात इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट आहे. जमशेदपूरला राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, भुवनेश्वरला खनिज आणि पदार्थ तंत्रज्ञान संस्था. नमुना पाठवण्याआधी अल्ट्रासाउंडची सोय आहे का आणि दर काय, हे लेखी विचारा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) पोकळ्यांच्या या शास्त्रावर अनेक वर्षं काम झालं आहे, आणि तिथे अभ्यासलेला दुसरा मार्गही विचारात घेण्यासारखा आहे: पंपाने द्रव अरुंद छिद्रातून ढकलून पोकळ्या निर्माण करणं. मोठ्या प्रवाहाला तो सहसा स्वस्त पडतो. अल्ट्रासाउंडच्या कोटेशनशेजारी त्याचंही एक मागवा.

शेवटी करार. प्लांटमध्ये फ्लोटेशनच्या दोन समांतर रांगा असतील तर एकीला यंत्र लावा, दुसरी तशीच ठेवा, फीड एकच. काही आठवड्यांनी दोन्ही रांगा अदलाबदल करून पुन्हा मोजा, म्हणजे रांगेचाच गुण-दोष यंत्राच्या खात्यावर जाणार नाही. निम्मी रक्कम या निकालाशी बांधा, आणि प्रोबच्या टोकाची हमी महिन्यांत न घेता तासांत लिहून घ्या, तुमच्याच स्लरीतल्या तासांत.