खुब्याची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : नंतरची गुंतागुंत व दक्षता

खुब्याच्या सांध्यात दुर्बीण घालण्याचे प्रयोग न्यूयॉर्कचे डॉ. मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांवर केले. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची वाटी यांच्यामध्ये उपकरण शिरणे अशक्य आहे, असे त्यांचे मत झाले. आज पायाला यंत्राने ताण देऊन ही फट रुंदावली जाते आणि लहान छिद्रांतून काम साधते. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या अनेक तक्रारींचे मूळ याच ताणात असते.

ताण देताना बहुधा रुग्णाच्या जांघेशी गादी लावलेला खांब ठेवतात. त्याच्या दाबाने तेथील मज्जातंतू बधिर होऊ शकतो. म्हणून गादी जाड ठेवणे आणि ताण शक्यतो दोन तासांच्या आत सोडणे आवश्यक ठरते. ही बधिरता बहुतेक रुग्णांत काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. परंतु ती जननेंद्रियांभोवती असल्याने रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि कायमचे व्यंग आले या भीतीने मनातच कुढतो. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच ही शक्यता आम्ही आपणहून, स्पष्ट शब्दांत सांगतो.

याखेरीज उपकरणाने कूर्चेवर ओरखडा उमटणे, सांध्यात सोडलेले पाणी क्वचित पोटात उतरणे, स्नायूंमध्ये नको तेथे हाड तयार होणे, जंतुसंसर्ग होणे किंवा शिरेत रक्ताची गुठळी होणे संभवते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या आढाव्यात किरकोळ गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के, तर गंभीर गुंतागुंतीचे ०.५८ टक्के आढळले. प्रमाण अल्प असले, तरी ज्या कुटुंबावर प्रसंग ओढवतो त्याला टक्केवारीने धीर येत नाही.

नातेवाइकांना आमची एक आग्रहाची विनंती आहे. हाडाचा वाढलेला भाग तासला असल्यास मांडीच्या हाडाची मान काही काळ नाजूक राहते. जखमा लहान आहेत, दुखणेही थांबले आहे, एवढ्यावरून रुग्णाने कुबड्या टाकू नयेत. तसे केल्यास हाड मोडण्याचा धोका असतो. जांघेत अचानक तीव्र वेदना, पायावर भार न पेलणे, पोटरीला सूज, ताप किंवा जखमेतून स्राव यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे. धाप लागल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

छिद्र लहान असले, तरी शस्त्रक्रिया लहान नसते. वेळेवर सांगितलेली तक्रार पुष्कळदा मोठे संकट टाळते, याचे स्मरण सर्वांनी ठेवावे.