तांबी, ‘अंतरा’ आणि आपला दवाखाना

दीर्घकाल गुणकारी असणारी गर्भनिरोधक साधने शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. मात्र ती बसविल्यानंतर काही त्रास जाणवल्यास स्त्री पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येते. यास्तव या साधनांसंबंधी आपले कर्तव्य काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

भारतात कुटुंबनियोजनाचा शासकीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. १९६५ मध्ये ‘लूप’ हे गर्भाशयात बसविण्याचे साधन मोठ्या उद्दिष्टांसह देशभर आणले गेले. रक्तस्राव व वेदना यांची पूर्वकल्पना अनेक स्त्रियांना दिली गेली नाही आणि नंतरची विचारपूसही अपुरी पडली. परिणामी साधनावरील विश्वास ओसरला. उद्दिष्टांची पद्धत १९९६ साली रद्द झाली. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदी केलेल्या, तर तांबी वापरणाऱ्या केवळ २.१ टक्के आढळल्या. अंतर राखण्याचे साधन मागे पडून कायमची शस्त्रक्रियाच मुख्य उपाय ठरली आहे.

तांब्याचे अंश शुक्राणूंना निष्प्रभ करून फलन रोखतात. ‘३८० ए’ ही तांबी १० वर्षे, तर ‘३७५’ ही ५ वर्षे उपयोगी पडते. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा ६ आठवड्यांनंतर ती बसविता येते. काढल्यावर गर्भधारणक्षमता लवकरच पूर्ववत होते. गर्भाची शंका, श्रोणिभागातील जंतुसंसर्ग किंवा कारण न समजलेला योनिगत रक्तस्राव असता ती बसवू नये. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यावयाचे असते. ते थांबविल्यावर गर्भधारणेस साधारणतः ७ ते १० महिने लागू शकतात.

व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१) असृग्दराच्या रुग्णेस अशोकारिष्ट देण्यापूर्वी तांबी आहे काय व ती केव्हा बसविली, हे विचारावे. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत स्राव वाढणे सामान्य असून तो बहुधा कमी होतो. पांडुत्व दिसल्यास हिमोग्लोबिन तपासावे.

२) ओटीपोटात तीव्र वेदना, ज्वर, दुर्गंधी स्राव किंवा पाळी चुकणे, यांपैकी काही असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तांबी असताना गर्भ राहिल्यास तो गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता प्रथम पडताळावी लागते. दोरा हाताला लागेनासा झाल्यासही तपासणीस पाठवावे.

३) ‘अंतरा’ घेणाऱ्या स्त्रीची पाळी अनियमित होते किंवा थांबते. रक्त आत साचून राहते, हा समज चुकीचा आहे. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते. गर्भ नाही याची खात्री करून तिला धीर द्यावा. पाळी ‘आणण्यासाठी’ रजःप्रवर्तिनी वटी देऊ नये.

४) ग्रंथांत पिप्पली, विडंग व टंकण यांचा गर्भनिरोधक योग सांगितला आहे. त्याच्या अभ्यासाचे आम्हांस मोल आहे, परंतु तांबीच्या जागी तो देऊन रुग्णेस निर्धास्त करणे योग्य नव्हे.

५) औषधविक्रेत्यांकडे एखादी स्त्री आपत्कालीन गोळी वारंवार मागत असेल, तर तिला एकांतात, कोणताही दोष न देता, तांबीची माहिती द्यावी.

६) तांबी काढून हवी म्हणणाऱ्या स्त्रीस कारण जरूर विचारावे, तिचा त्रास ऐकून घ्यावा. तरीही तिचा निश्चय कायम असल्यास चिठ्ठी देऊन केंद्रातील प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे पाठवावे. प्रशिक्षण नसताना दोरा ओढून ती काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

या शेवटच्या सूचनेस आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो. हवी तेव्हा काढून मिळेल, ही खात्री असेल तरच स्त्री तांबी बसवून घेण्यास धजते. एकीस टाळाटाळीचा अनुभव आला की वस्तीतील दहा जणी मागे सरतात. ती खात्री देणे आपल्या हाती आहे.