दर्या बोलावतो आहे

मुलांनो, उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि दूर बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकहून तुम्हांलाही समुद्र गाठता येईल! शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हे मोठे अधिकारी होते. तुम्ही नौदलात अधिकारी कसे व्हाल?

एक मार्ग बारावीनंतरचा. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा एन.डी.ए.ची परीक्षा घेतो. नंतर पाच दिवस मुलाखत व चाचण्या, मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली की खडकवासला येथे तीन वर्षे आणि पुढे केरळातील एळिमला येथे प्रशिक्षण मिळते. २०२२ पासून मुलीही खडकवासल्याला शिकतात. दुसरा मार्ग पदवीनंतरचा. त्यासाठी बहुधा इंजिनिअरिंगची पदवी लागते.

एक गोष्ट विसरू नका. एन.डी.ए.तून नौदलात जाण्यासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवेच. म्हणून अकरावीत विषय विचारपूर्वक निवडा. प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते, उर्दूत नसते. घाबरू नका, आजपासून रोज थोडे इंग्रजी वाचा.

तयारीसाठी राज्य शासनाच्या संस्था आहेत : मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला, मुलींसाठी २०२३ पासून आपल्या नाशिकलाच. वाट लांब आहे, पण गोदावरीही थांबत नाही.

शब्दार्थ : आरमार – लढाऊ जहाजांचा ताफा, उगम पावणे – सुरू होणे.

स्वाध्याय
१. नौदलासाठी बारावीला कोणते विषय हवेत?
२. ‘दर्या’ शब्दाचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.