रंगभूषेचा धंदा : उसासारखाच हंगामी, उसासारखाच हिशेबी



ऊस, खत, पाणी यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. या वेळचा पाठ जरा निराळा आहे. आपल्या घरांतल्या पुष्कळ मुली-सुना आज नवरीचा मेकअप शिकू पाहतात. दुकान नाही, मालक नाही, पगार नाही. बोलावणे आले की पेटी उचलून जायचे. याला फ्रीलान्स म्हणजे स्वतंत्र व्यवसाय म्हणतात. "तोंडाला पावडर फासायची, त्यात काय शिकायचं?" असे म्हणून काही जण हसण्यावारी नेतात. काही जण उसाचे बिल जमा झाले की क्लासची मोठी फी भरून मोकळे होतात. दोन्ही चूक. आधी धंदा समजून घ्यावा.

१) काम हलके नाही. नाटक-सिनेमात या कलेला रंगभूषा म्हणतात. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटातील रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र मुंबईच्या सिनेधंद्यात कारागिरांच्या संघटनेने अनेक दशके बायकांना मेकअपचे कार्डच दिले नाही. केस करा, चेहऱ्याचे काम पुरुषांचे, असा नियम. चारू खुराना यांनी दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा नियम रद्द ठरवला. जे दार कोर्टात जाऊन उघडावे लागले, ते आपण घरात बंद करू नये.

२) शिक्षण. आय.टी.आय.मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. खाजगी क्लास लावायचा तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : "माझ्या मुलीला स्वतःच्या हाताने किती चेहरे करायला मिळतील?" नुसते बघून ऊस लावता येत नाही, तसेच हे. शिकल्यावर एक हंगाम जाणत्या बाईच्या हाताखाली मदतनीस म्हणून काढावा. सर्टिफिकेट भिंतीवर राहते. गिऱ्हाईक येते ते केलेल्या कामाचे फोटो बघून.

३) कातडीची जबाबदारी. माल घेताना कंपनीचे नाव, बॅच नंबर व मुदत पाहावी. नवरीला दोन दिवस आधी बोलावून कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे माल थोडासा लावून पाहावा. खाज, लाली आली तर तो वापरू नये. लिपस्टिक थेट ओठाला न लावता पट्टीवर काढून घ्यावी. स्पंज प्रत्येकीला नवा, ब्रश प्रत्येक वेळी धुतलेला. डोळ्यांचा रोग एकीचा दुसरीला लागतो. लग्नाच्या दिवशी तोंड सुजले, तर नवरीचा दिवस गेला आणि पंचक्रोशीत आपले नावही गेले.

४) हिशेब. समजा एका नवरीचे ८,००० रुपये ठरले. त्यातून साहित्य १,२००, गाडीभाडे ६००, मदतनीस मुलगी १,००० आणि पेटीची झीज ७०० वजा करा. खर्च ३,५००, उरले ४,५००. हंगामात अशी ३० लग्ने मिळाली तर १,३५,००० झाले. आकडा मोठा दिसतो. पण आषाढी ते कार्तिकी लग्ने जवळजवळ नसतात. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ११,२५० पडले. उसाचे पैसे एकदम येतात व वर्षभर पुरवावे लागतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून पहिल्या वर्षी महागडी पेटी घेऊ नये. लागेल तसा माल वाढवावा.

५) उचल घेतल्याशिवाय तारीख धरू नये. एका मुहूर्तावर दोन नवऱ्या करता येत नाहीत. एकीसाठी दुसरी सोडली आणि पहिलीचे लग्न पुढे गेले, तर तो दिवस फुकट. तारीख, वेळ, गाव, किती जणींचा मेकअप, गाडीभाडे कुणाचे, हे सारे कागदावर लिहून सही घ्यावी. "आपलीच भावकी हाय, पैशाचं बघू नंतर" हे बोलणे या धंद्याची हुमणी आहे. मुळाशी लागते आणि वर कळत नाही.

६) घरच्यांचे काम. सकाळच्या मुहूर्ताला नवरी सजवायची तर तीन वाजता घर सोडावे लागते. हळदीचे काम आटोपून यायला रात्र होते. सोबत कोण जाणार, पोर कोण सांभाळणार, हे घरात बसून आधी ठरवा. मिळकत तिच्याच नावच्या खात्यावर जाऊ द्या. बँकेचा व्यवहार तिच्या नावाचा असला म्हणजे पुढे कर्ज मागतानाही सोपे जाते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते.

गृहपाठ : ज्या घरात मुलीने ही गोष्ट काढली आहे, त्यांनी आज रात्री वही घ्यावी. आपल्या व शेजारच्या पाच गावांत गेल्या हंगामात किती लग्ने झाली, नवरी सजवायला कोण आले, काय दिले, हे लिहावे. लिहिण्याचे काम मुलीकडेच द्यावे. फी भरायची की नाही, ते त्या वहीवरून ठरवावे.