जुनी डिझेल मोटार : क्लच, फ्लायव्हील व गिअरबॉक्स यांची पारख

बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, निपाणी या सीमाभागात वापरलेल्या डिझेल मोटारीस आजही चांगले गिऱ्हाईक आहे. उसाचे बिल किंवा तंबाखूचे पैसे हाती आले, की अनेक कुटुंबे दारात पहिली मोटार आणतात. मग तीच मोटार शेत, बाजारपेठ, दवाखाना आणि लग्नकार्य या सर्वांसाठी राबते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमानके देशभर लागू झाली व त्या सुमारास काही कंपन्यांनी लहान डिझेल मोटारी तयार करणे थांबविले. साहजिकच जुन्या मोटारींचे महत्त्व वाढले.

अशी मोटार घेणारा ग्राहक रंग, टायर आणि किलोमीटरचा आकडा पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. परंतु इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये आवरणाखाली दडलेले फ्लायव्हील त्याच्या दृष्टीस पडत नाही. ते बिघडलेले असल्यास दुरुस्तीसाठी संपूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि काही मोटारींत हा खर्च पन्नास हजार रुपयांच्याही वर जातो. म्हणून या भागांची पारख व्यवहार ठरण्यापूर्वीच करणे अगत्याचे आहे.

फ्लायव्हीलचे कार्य

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्यास एका दट्ट्याचा शक्तिदायी फटका बसतो. इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असता असे १,६०० फटके बसतात. म्हणजे सेकंदास सुमारे २७. प्रत्येक फटक्यासरशी क्रँकशाफ्टची गती किंचित वाढते व पुढच्या फटक्यापर्यंत ती मंदावते. फ्लायव्हील हे जड चाक आपल्या जडत्वाने ही चढउतार कमी करते. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबली जात असल्याने हे फटके पेट्रोल इंजिनापेक्षा जोरकस असतात. त्यांचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचले म्हणजे दाते एकमेकांवर आपटून खडखडतात व त्यांची झीज होते.

यावर उपाय म्हणून १९८५ पासून मोटारींत दुहेरी फ्लायव्हील येऊ लागले. यात एकाऐवजी दोन चकत्या असतात. पहिली क्रँकशाफ्टला जोडलेली असते, दुसरीवर क्लच बसविलेला असतो आणि दोहोंमध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या, कमानीसारख्या वाकविलेल्या स्प्रिंगा हिसके शोषून घेतात. सर्वच डिझेल मोटारींत ही रचना नसते. अनेक मोटारींत साधे एकसंध फ्लायव्हीलच असते. आपण घेत असलेल्या मोटारीत कोणता प्रकार आहे, हे प्रथम विचारून घ्यावे.

झोपाळ्यास त्याच्या लयीत लहान धक्के दिले तरी झोका मोठा होत जातो. स्प्रिंगांनाही अशी स्वतःची लय असते. दुहेरी फ्लायव्हीलची लय इंजिनाच्या मंद गतीच्याही खाली ठेवलेली असते, म्हणजे मोटार चालताना ती जागी होत नाही. इंजिन सुरू होताना व बंद होताना मात्र ती क्षणभर ओलांडावी लागते. स्प्रिंगा थकल्या असतील तर नेमका त्याच क्षणी खडखडाट किंवा ठोका ऐकू येतो.

झिजेची कारणे

निपाणीजवळचा तवंदी घाट, बेळगावहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट, चंदगडकडून लागणारा आंबोली घाट आणि राधानगरीवरून जाणारा फोंडा घाट हे या भागाचे नेहमीचे मार्ग होत. मोठ्या गिअरमध्ये मंद गतीने चढ चढल्यास डिझेल वाचते, असा समज अनेक चालकांत आढळतो. वास्तविक इंजिन कण्हत असताना ॲक्सिलरेटर पुरता दाबला, तर फटके विरळ पण जबर बसतात व स्प्रिंगांवर कमाल ताण येतो. घाटात मोटार थोपवून धरण्यासाठी हँडब्रेकऐवजी अर्धा दाबलेला क्लच वापरणे हे दुसरे कारण. त्यामुळे क्लच घसरून तापतो आणि ती उष्णता फ्लायव्हीलमध्ये उतरते. प्रमाणाबाहेर भार, तसेच इंजेक्टरांतील दोषामुळे इंजिनाचे असमान चालणे, हीही कारणे आहेत. इंजेक्टर सदोष ठेवून नवे फ्लायव्हील बसविल्यास तेही अकाली निकामी होते.

पारखण्याची रीत

मोटार पाहावयास जाताना इंजिन थंड ठेवण्यास विक्रेत्यास आधीच सांगावे व सोबत जाणता मिस्त्री न्यावा.

१) इंजिन सुरू करताना आणि बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने ठोका येतो काय, हे बोनेट उघडून ऐकावे. ही कृती तीन-चार वेळा करावी.

२) मोटार न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच सावकाश दाबावा व सोडावा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचा किंवा फ्लायव्हीलचा दोष संभवतो.

३) सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जात असता ॲक्सिलरेटर पुरता दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे.

४) क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबावे व मग रिव्हर्स गिअर टाकावा. करकर आवाज आल्यास क्लच पुरता सुटत नाही.

५) प्रत्येक गिअर वर-खाली बदलून पाहावा. एकाच गिअरला करकर होत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागण्याचा संभव असतो.

६) शक्य असल्यास गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. पितळी चमक सिंक्रो रिंगांची झीज दाखविते. लोखंडाचे कण दात्यांची वा बेअरिंगांची.

दुरुस्तीविषयी

बेळगाव ही यंत्रकौशल्याची जुनी भूमी होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली येथेच सायकलींच्या दुकानाने आपल्या उद्योगास आरंभ केला. आजही उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने आहेत. एकसंध फ्लायव्हीलचा चरे पडलेला पृष्ठभाग लेथवर मर्यादेत साफ करणे येथील कारागिरास अवघड नाही. दुहेरी फ्लायव्हीलला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण त्याचा खरा दोष पृष्ठभागात नसून आतील स्प्रिंगांत असतो. खर्च वाचविण्यासाठी त्याच्या जागी एकसंध फ्लायव्हील बसविण्याचा सल्लाही दिला जातो. तसे करावयाचे झाल्यास स्प्रिंगयुक्त क्लच प्लेट आवश्यक ठरते आणि तरीही काही हिसके गिअरबॉक्सवर येतातच, हे ग्राहकाने जाणून असावे. गिअरबॉक्स एकदा उतरविल्यावर क्लच, रिलीज बेअरिंग व फ्लायव्हील यांची एकत्र तपासणी करणे हितावह असते. अन्यथा तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

आधी परीक्षा, मग कागद

कोल्हापूरची मोटार निपाणीस किंवा बेळगावची मोटार गडहिंग्लजला जाते, तेव्हा राज्याची सीमा ओलांडली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४८ अन्वये मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. कलम ४७ नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या वाहनास तेथील नोंदणी क्रमांक घेणे बंधनकारक आहे. शिवाय तेथील कराचा बोजा पडतो. एवढे सोपस्कार पुरे झाल्यावर दोष उघडकीस आला, तर मोटार परत करणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून यंत्राची परीक्षा आधी व कागदांची पूर्तता नंतर, हा क्रम कधीही उलटू नये. आढळलेल्या दोषाचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घेऊन तो किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने थंड इंजिन दाखविण्यास किंवा चढावर मोटार चालवू देण्यास नकार दिल्यास तो व्यवहार सोडून देणे हेच श्रेयस्कर. तासाभराच्या या पारखीने एका हंगामाची कमाई वाचू शकते.