हॅम्स्टरची वाढलेली नखे

पाळीव प्राण्याच्या अन्नपाण्याचा आणि स्वच्छतेचा विचार बहुतेक जण करतात. नखांकडे मात्र प्राणी लंगडू लागेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हॅम्स्टरसारख्या तळहातावर मावणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष अधिकच होते. त्याचा पाय इतका लहान असतो की नख वाढल्याचे चटकन नजरेस येत नाही. शिवाय हा प्राणी आपले दुखणे सहसा दिसू देत नाही.

नखे का वाढतात, हे समजण्यासाठी त्याचे मूळ घर पाहिले पाहिजे. घरोघरी पाळला जाणारा सोनेरी हॅम्स्टर हा उत्तर सीरियाचा आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण तुर्कस्तानचा रहिवासी होय. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९३० मध्ये इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पो शहराजवळच्या एका शेतात बीळ खणवून एक मादी व तिची अकरा पिल्ले मिळविली. त्यांपैकी जी थोडी जगली, ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात वाढविण्यात आली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅम्स्टर त्यांचेच वंशज आहेत.

मोकळ्या रानातला हॅम्स्टर साधारणपणे अर्धा ते एक मीटर खोल बीळ खणतो आणि गालांतील पिशव्यांत धान्य भरून ते बिळात साठवितो. माती उकरण्यात आणि खडबडीत जमिनीवर धावण्यात नख जेवढे वाढते, तेवढेच झिजते. पिंजऱ्यात मात्र पायाखाली गुळगुळीत प्लास्टिक आणि त्यावर दोन बोटे जाडीचा भुसा असतो. तेथे नखाची वाढ चालूच राहते. थांबते ती झीज.

वय आणि आजार हीही कारणे असतात. हॅम्स्टरचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. वृद्धपणी सांधे आखडले, की तो धावेनासा होतो आणि नखे वाढू लागतात. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किडींमुळेही नखे जाड व वेडीवाकडी होतात. एकाच पायाची नखे वाढली असतील, तर त्या पायावर तो भार देत नसावा, अशी शंका घ्यावी. अशा वेळी नखे कापून भागत नाही. प्राण्याला पशुवैद्याकडे न्यावे.

हॅम्स्टरच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना पाच बोटे असतात. त्यांची नखे मुळातच थोडी बाकदार असतात. म्हणून दिसले नख की कापले, असे करू नये. नख कापडात किंवा जाळीत अडकू लागले, चालताना बोटे एका बाजूला कलू लागली, किंवा नखाचे टोक आत वळून तळव्याकडे येऊ लागले, म्हणजे कापण्याची वेळ झाली असे समजावे. टोक तळव्यात रुतून जखम झाली असेल, तर ते घरी ओढून काढू नये. ते काम पशुवैद्याचे आहे.

नखाचे बाहेरचे आवरण निर्जीव असते. ते कापल्याने वेदना होत नाही. त्याच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो. त्यालाच मराठीत जिव्हाळी म्हणतात. फिकट नखातून प्रकाश जाऊ दिला, तर ती गुलाबी रेघेसारखी दिसते. शंभर ते दीडशे ग्रॅम वजनाच्या या प्राण्याच्या अंगात सुमारे आठ ते दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरतील एवढेच रक्त असते. एखादा थेंब गेल्याने जिवाला धोका नसतो. परंतु वाहत राहिलेली जखम त्याला परवडणारी नसते.

हॅम्स्टर दिवसा झोपतो. झोपेतून ओढून काढल्यास तो घाबरून चावतो. म्हणून संध्याकाळी तो आपण होऊन जागा झाल्यावर हे काम करावे. दोघे जण असल्यास उत्तम. हातून निसटल्यास उंचावरून पडू नये, यासाठी जमिनीवर बसावे. एकाने त्याला मऊ कापडात गुंडाळून एकच पाय बाहेर ठेवावा. छाती दाबू नये, कारण श्वास कोंडतो. मानेची कातडी घट्ट आवळून धरू नये, कारण त्यामुळे डोळा खोबणीबाहेर येण्याचा धोका असतो. दुसऱ्याने लहान बाळांच्या नेलकटरने नखाचे केवळ टोक, जिव्हाळीपासून अंतर राखून, कापावे. नख काळसर असून जिव्हाळी दिसत नसेल, तर कापावे त्याहूनही कमी. प्राणी फार धडपडू लागला, तर एक-दोन नखांवर थांबून उरलेली दुसऱ्या दिवशी कापावीत.

रक्त आलेच, तर स्वच्छ कापडाने बोट हलकेच दाबून धरावे आणि टोकाला चिमूटभर कोरडे कॉर्नफ्लोअर लावावे. तुरटीनेही रक्त थांबते. पण ती झोंबते आणि प्राणी पाय चाटतो, म्हणून कॉर्नफ्लोअर बरे. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबले नाही, तर पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये.

मात्र पिंजरा होता तसाच राहिला, तर कापलेली नखे पुन्हा वाढतात. यासाठी अन्नाच्या वाटीखाली एखादी सपाट खडबडीत फरशी किंवा दगड ठेवावा. धावण्याचे चाक सळ्यांचे नसावे, अखंड पृष्ठभागाचे असावे. सळ्यांमध्ये पाय अडकून मोडतो. काही जण पिंजऱ्याच्या तळाला पॉलिशपेपर चिकटवितात. त्याने नखांआधी तळवेच सोलवटतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किमान वीतभर जाडीचा भुसा घालावा, म्हणजे त्याला बोगदे खणता येतील. भुशाने नखे फारशी झिजत नाहीत, हे खरे. परंतु खणणारा प्राणी हालचाल करतो, त्याचे सांधे मोकळे राहतात आणि तो खडबडीत दगडावरूनही वारंवार ये-जा करतो. नख कापणे हा त्या दिवसापुरता उपाय आहे. शेतात बीळ खणणाऱ्या या प्राण्याला पिंजऱ्यात त्याचे काम परत मिळवून देणे, हा खरा उपाय होय.