गोव्याच्या जहाजावर चढण्याआधी

तिकिटं निघाली, सुट्ट्या मंजूर झाल्या, हे ऐकून फार बरं वाटलं. आता खरेदीला धावण्याआधी मावशीचं थोडं ऐक. मुंबईहून निघायचं, दोन-तीन रात्री जहाजावर काढायच्या, मधला एक दिवस गोव्यात उतरायचं आणि परत यायचं, एवढीच ही सहल. सोबत सासू-सासरे आहेत, लेक लहान आहे. अशा सहलीत माणसं फिरून दमत नाहीत, रांगेत उभी राहून दमतात. बंदरात रांग, जेवणाला रांग, थिएटरच्या दाराशी रांग, उतरताना रांग आणि परत चढताना तपासणीची रांग. सासूबाईंच्या गुडघ्यांना जेवढ्या रांगा वाचवता येतील तेवढ्या वाचवायच्या, एवढं मनाशी धर आणि बाकी सगळं त्यावरून ठरव.

दिवस मात्र चांगले निवडलेस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला तरी पुढचे काही आठवडे पाण्यात जोर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सगळ्यांत शांत.

खोली अजून बदलून मिळत असेल तर आजच फोन कर. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. नाळेकडे आणि वरच्या मजल्यांवर जास्त. लिफ्टपासून चार पावलांवरची खोली माग. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत ना, हेही विचार. पोहण्याच्या तलावाच्या किंवा डिस्कोच्या खालची खोली मिळाली तर मध्यरात्रीपर्यंत छत घुमत राहतं. पैसे वाचवायचे असतील तर बिनखिडकीची आतली खोली तुम्ही घ्या आणि खिडकीची त्या दोघांना द्या. आतल्या खोलीत भर दुपारीसुद्धा अंधार असतो. वयस्कर माणसाला जाग आल्यावर सकाळ झाली की नाही ते कळत नाही आणि त्यानेच निम्मं गरगरायला लागतं.

बंदरावर कधी पोचायचं याची वेळ तिकिटाबरोबर दिलेली असते, ती पाळ. लवकर गेलं तर लवकर सोडतील या आशेने सगळेच आधी येतात आणि तिथेच गर्दी होते. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आदल्या आठवड्यात कळवून ठेव. सासूबाई नको म्हणतील, ‘मी काय आजारी आहे का’ म्हणतील. त्यांना सांग, खुर्ची फक्त बंदरापुरती. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं एकाच पाकिटात ठेव. मोठ्या बॅगा बंदरातच घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून गोळ्या, चष्मे, एकेक जोडी कपडे, पातळ शाल आणि लेकीचा पोहण्याचा पोशाख हे हातातल्या पिशवीत हवं. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांतलं काही नेऊ नकोस, तपासणीत काढून घेतात. सासऱ्यांना रोज पूजेला उदबत्ती लागते हे मला माहीत आहे. त्यांना घरीच समजावून सांग. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते.

चढल्या चढल्या लोक जेवणाकडे धावतात. तू आधी लेकीचं नाव मुलांच्या खेळघरात नोंदव, मग थिएटरच्या खेळांची चौकशी कर आणि पहिली गर्दी ओसरल्यावर जेव.

सुरक्षेच्या कवायतीला सगळ्यांनी जायचं. खोलीत लपून बसायचं नाही, ‘आई-बाबा दमलेत’ म्हणून त्यांना मागेही ठेवायचं नाही. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की जीवरक्षक जाकीट घेऊन आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं असतं. ती जागा कुठे, कोणत्या जिन्याने, हे पायांना एकदा माहीत झालं पाहिजे. लिफ्ट त्या वेळी वापरायची नसते, तेव्हा सासूबाईंना कुणी धरायचं तेही आताच ठरवा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रचंड जहाज खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला; आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. आणि आपल्याला इटलीपर्यंत जायलाही नको. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट मुंबईच्या तोंडाशीच, काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या लहानपणी गिरगावात आणि अलिबागकडे अशी घरं होती की जिथे बोटीचा विषय निघाला की आजी उठून आत जायची. म्हणून सांगते, ती पंधरा-वीस मिनिटं मन लावून दे.

कवायत संपली की वरच्या डेकवर जा. जहाज बंदरातून बाहेर पडताना आधी उजव्या कठड्याशी उभे राहा. गेटवे, ताज, कुलाब्याचं टोक आणि मग पाण्यात एकटा उभा असलेला १८७५ चा प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ, सगळं त्याच बाजूने सरकत जातं. तो मागे पडू लागला की डावीकडे या. थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. अंधार पडला असेल तर तिथला दिवा दिसेल. त्या दिव्यालाच कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं आहे. लेकीला हे तिथेच, कठड्याशी उभं राहून सांग. तलावाजवळ तोवर गाणी सुरू झालेली असतात, ती रात्रभर चालतात. मुंबईतून समुद्रावर जाणं मात्र एकदाच घडतं. तिला कठड्यावर चढू देऊ नकोस, फोटोसाठीसुद्धा नाही.

आता बोट लागण्याबद्दल. एकदा मळमळायला लागल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ती आधीच घ्यावी लागते. सासऱ्यांना रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची औषधं चालू आहेत, तेव्हा कोणती गोळी चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचार. या गोळ्यांनी झोप येते आणि काहींना लघवी अडते. शेजारणीने दिलेली गोळी द्यायची नाही. आलेपाक जवळ ठेव. पोट रिकामं ठेवू नका आणि तळकट खाऊन भरूही नका. मऊ भात, पोळी, केळं बरं. अस्वस्थ वाटलं तर उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसायचं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्याला आधी लागते.

करमणुकीचं म्हणशील तर सगळं पाहायचा हट्ट धरू नकोस. दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद मिळतो, नाहीतर ॲपवर असतो. चहा पिताना सगळ्यांनी मिळून तो वाचायचा आणि दिवसाला दोनच गोष्टींवर खूण करायची. एक सगळ्यांनी मिळून पाहायची, एक ज्याची त्याने. जादूचे प्रयोग लेकीसाठी, हिंदी गाण्यांवरचा मोठा नाच सगळ्यांसाठी. रात्री उशिराचे काही खेळ फक्त मोठ्यांसाठी असतात, काहींचे वेगळे पैसे पडतात. ते आधी नीट वाच. खेळ दोनदा होणार असेल तर गर्दी कुठल्याला कमी असते ते खलाशांना विचार, ते बरोबर सांगतात. थिएटरमध्ये पुढच्या रांगेचा मोह नको. मागे, वाटेच्या कडेला, जिथे पायऱ्या उतराव्या लागत नाहीत तिथे त्यांना बसव. थंडगार हवा अंगावर येते, शाल तिथे लागते.

अंताक्षरी किंवा हौजी असेल तर सासूबाईंना नक्की ने. त्यांचा गळा गोड आहे आणि घरच्या माणसांसमोर त्या गात नाहीत. अनोळखी लोकांत गातील, बघ. कॅसिनोत मात्र जाऊ नका. मी हे स्पष्टच सांगते. तिथे घड्याळ दिसत नाही, खिडकी नसते आणि आपण कार्डाने खर्च करतो म्हणून पैसे गेलेले कळत नाहीत.

तलाव छोटा असतो आणि दुपारी त्यात माणसंच माणसं. लेकीला सकाळी लवकर ने. जेवणाच्या जागीही तेच, वेळ सुरू होताच किंवा संपायच्या तासभर आधी जायचं. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, त्याची काळजी नको. हात साबणाने धुवायचे. दाराशी ठेवलेल्या बाटलीतलं औषध चोळून भागवायचं नाही. जहाजांवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर ते नीट चालत नाही. हे लेकीपेक्षा जावईबापूंना सांग.

वाढणाऱ्यांत, खोली आवरणाऱ्यांत गोव्या-कोकणातली मुलं भेटतील. महिनोन्महिने घरापासून लांब असतात ती. छातीवरचं नाव वाचून हाक मार, गाव विचार. मराठी ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळतो आणि मग आईसाठी गरम पाणी मागायला संकोच वाटत नाही.

फोन विमानाच्या मोडवर टाक, चौघांचेही. किनारा सुटला की फोन जहाजाच्या नेटवर्कला चिकटतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर दिसतं. दारू, खास हॉटेलातलं जेवण, इंटरनेट यांचे पैसे खोलीच्या कार्डावर चढत जातात. शेवटच्या संध्याकाळीच हिशेब मागून तपास. सकाळी त्या टेबलापुढे निम्मं जहाज उभं असतं.

गोव्यात जहाज वास्कोजवळ मुरगाव बंदरात लागतं. कळंगुट, बागा विसरून जा. ते उत्तरेला लांब आहेत आणि शनिवार-रविवारी रस्त्यातच दिवस जातो. दिवस म्हणजे तरी हातात सहा-सात तास. एकच दिशा धर. मी असते तर जुनं गोवं आणि मंगेशी केलं असतं. वास्कोहून निघालं की झुआरीच्या पुलाआधी कुठ्ठाळी लागतं. मंगेशाचं मूळ देऊळ तिथे होतं. पोर्तुगीजांच्या जाचामुळे १५६० मध्ये भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळला नेलं. शेजारच्या केळशीची शांतादुर्गाही त्याच काळात कवळ्याला गेली. पुढे शाहू महाराजांच्या कारकिर्दीत नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने तिचं आजचं देऊळ उभं राहिलं. तुमच्या सासरची कुलदेवता तीच, तेव्हा हा रस्ता सासूबाईंना गाडीतच दाखव. पूल ओलांडताना त्यांच्या लक्षात येईल की देवीला कुठून कुठे जावं लागलं होतं. जुन्या गोव्यात बॉम जेझूचं चर्च पाहा. १६०५ मध्ये पुरं झालेलं, गिलावा नसलेल्या लाल जांभ्याचं, आत सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे चर्चमध्येही लागतात आणि देवळांतही. जहाजावरच्या चड्डीत उतरलेल्यांना बाहेर थांबावं लागतं.

सासऱ्यांना एवढा प्रवास नको वाटला तर बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. जुनी सी हॉक, अलिझे, अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी उघड्यावर उभी. बंदरापासून जवळ. सोमवारी बंद असतं, तेवढा वार बघ.

सहल जहाजाकडूनच घेतलीस तर गाडीला उशीर झाल्यास जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी केलीस तर थांबत नाही, ते बरोबरही आहे. स्वस्त पडतं म्हणून टॅक्सी करणार असशील तर परतायची जी वेळ सांगतील तिच्या दोन तास आधी बंदराच्या फाटकाशी असायचं, मध्ये कुणाला काजू आठवले तरी. काजू, बेबिंका, दोदोल सकाळीच घ्या. फेणीची बाटली घेतलीत तर ती चढताना ठेवून घेतात आणि मुंबईत उतरताना देतात. आणि दुसऱ्यांदा चढताना सगळ्यांच्या पुढे धावू नका. सासूबाईंना सावलीत बसव, रांग हलू लागली की उठव.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, दातांचे ब्रश, गोळ्या, कागदपत्रं आत राहू देत. बॅग गेल्यावर मग कुणीतरी पायजम्यावर उभं असतं. उतरायची घाई नको. नाश्ता करा, शेवटच्या गटात उतरा. तेव्हा हमालही मोकळे असतात आणि टॅक्सीही.

ही सहल आवडली तर पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीपला जा, पण तिथली गोष्ट वेगळी. मोठं जहाज आगत्तीच्या किनाऱ्याला लागत नाही, बाहेर नांगरतं, आणि छोट्या होडीतून उतरावं लागतं. आमच्या वेळी देवगड-मालवणला आगबोट अशीच बाहेर थांबायची आणि पडाव यायचे. होडी लाटेबरोबर वर येते त्या क्षणी पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही. हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे. खलाशाच्या हातात बोटं द्यायची नाहीत, मनगट द्यायचं. तो आपलं मनगट धरतो, आपण त्याचं. सासूबाईंना हे घरी पाटावर उभं करून दोनदा करून दाखव, आणि त्या दिवशी लाट मोठी असली तर त्यांना खुशाल जहाजावरच राहू दे, सोबत तू थांब.